लेखणीकडून मायक्रोफोनकडे

वर्तमानपत्रात क्रिकेटवर लिहिणारा माणूस एके दिवशी पडद्यावर दिसू लागला, की त्याला बढती मिळाली असे आपण समजतो. वास्तविक त्याने धंदा बदललेला असतो. विषय तोच, माल वेगळा.

स्तंभलेखकाला खेळ संपल्यावर विचार करायला अख्खी संध्याकाळ मिळते. समालोचकाला दोन चेंडूंमधले अर्धे मिनिट, आणि त्यातही चित्र सर्वांच्या समोर असते. मराठीतला ‘धावते वर्णन’ हा शब्द मूळचा रेडिओचा. बाळ ज. पंडितांच्या श्रोत्यांना मैदान दिसत नव्हते, म्हणून शब्दांना चेंडूमागे धावावे लागे. कन्नडमध्ये यालाच ‘वीक्षक विवरणे’ म्हणतात. चित्रवाणीला मला हाच शब्द अधिक शोभतो असे वाटते. चेंडू सीमापार गेला हे लहान मूलही पाहते. तो का गेला, याचे विवरण हवे असते. आणि ‘का’ सांगणे हे तर स्तंभलेखकाचे रोजचे काम! त्याला बोलावणे येते ते यामुळेच.

१९८६ साली मद्रासची कसोटी बरोबरीत सुटली, तेव्हा दूरदर्शनवर बोलणाऱ्यांत ‘स्टेट्समन’चे किशोर भिमानी होते. पण तेव्हा हे जोडकाम असे. डॉ. नरोत्तम पुरी तर कान-नाक-घशाचे डॉक्टर. चित्र पालटले ते नंतर. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून वाद झाला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही. खाजगी वाहिन्यांना दार उघडले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पुढचे गणित सांगायला नको: षटक संपले की जाहिरात, आणि जाहिरातीचा दर दहा सेकंदांवर. प्रेक्षकाला पडद्यासमोर बसवून ठेवणाऱ्या माणसाला आता पूर्णवेळ पगार परवडू लागला.

या बदलाचा सर्वांत मोठा लाभार्थी मराठी घरातला, पण महाराष्ट्राबाहेरचा. हर्षा भोगले हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठातून रासायनिक अभियांत्रिकी, मग अहमदाबादची व्यवस्थापन संस्था. एकोणिसाव्या वर्षी आकाशवाणीवर बोलू लागले, वर्तमानपत्रांत लिहीत राहिले, १९९४ मध्ये अझरुद्दीनचे चरित्र लिहिले आणि १९९५ पासून ईएसपीएनवर स्थिरावले. कसोटी कधी खेळले नाहीत. हीच त्यांची ताकद आणि हीच दुखरी नस. २०१९ मध्ये कोलकात्याच्या गुलाबी चेंडूच्या कसोटीत चेंडू नीट दिसतो का, हे खेळाडूंना विचारावे असे ते म्हणाले. संजय मांजरेकरांनी सर्वांदेखत सुनावले की विचारायची गरज तुम्हाला, आम्ही खेळलेलो आहोत. मांजरेकरांनी नंतर जाहीरपणे खेद व्यक्त केला. पुढच्याच वर्षी क्रिकेट मंडळाने त्यांनाही यादीतून वगळले.

मला यातली खरी अडचण इथे दिसते. वर्तमानपत्राचा मालक क्रिकेट मंडळ नसतो. त्या वर्षांत भारतातल्या सामन्यांचे समालोचक मात्र मंडळच नेमत असे. २०१६ च्या आयपीएलमधून भोगल्यांचे नाव गळाले. कारण आपल्याला कोणी सांगितले नाही, असे त्यांनीच लिहिले. स्तंभात संघाला झोडपणारा लेखक पडद्यावर गेल्यावर मवाळ होतो, ते केवळ स्वभावाने नव्हे. द्वारकानाथ संझगिरी (निधन फेब्रुवारी २०२५) मुंबई महापालिकेत अभियंता होते. पोटाची चिंता लेखणीवर नव्हती, म्हणून ती मोकळी चालली असावी असा माझा तर्क.

२०२३ च्या आयपीएलचे जिओसिनेमावर बारा भाषांत समालोचन झाले, त्यांत मराठीही आणि कन्नडही. आमच्या तारिहाळसारख्या ठिकाणी दोन्ही समजणाऱ्यांची तर चंगळच! पण खुर्च्यांवर माजी खेळाडूंचाच भरणा. मराठीत बोलणारा केदार जाधव तर मे महिन्यात समालोचनाच्या खुर्चीवरून उठून थेट बेंगळूरच्या संघात खेळायला गेला. हे काही स्तंभलेखकाला जमण्यासारखे नाही.