जुन्या व्हॅनचा रेडिएटर: दुरुस्ती की नवा?

तुमची जुनी ओम्नी रोज बाजाराचा माल वाहत असेल, तर गळका रेडिएटर हा तुमच्या बचतीचाही प्रश्न आहे. नुसते पाणी ओतत दिवस काढले आणि इंजिन तापले, तर हेड गॅस्केट जाऊ शकते. मग खर्च रेडिएटरच्या कितीतरी पुढे जातो.

आधी गळती कुठे आहे ते पाहा. होजपाइप किंवा झाकण खराब असेल तर थोडक्यात भागते. (इंजिन गरम असताना झाकण उघडू नका.) तांब्या-पितळेचा रेडिएटर डाग देऊन दुरुस्त होतो. ॲल्युमिनियमच्या जाळीवरची प्लॅस्टिकची टाकी तडकली असेल, तर चिकटवलेला जोड सहसा टिकत नाही. तिथे नवाच घ्यावा. भंगार बाजारातला स्वस्त दिसतो, पण आत किती गाळ साचला आहे हे बाहेरून कळत नाही आणि वॉरंटीही नसते.

भाव विचारताना मजुरी आणि कूलंट धरून एकूण रक्कम विचारा, पक्के बिल घ्या. जुना तांब्याचा रेडिएटर दुकानात तसाच सोडू नका, मोडीत त्याचे पैसे येतात. 8 वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते. ती तारीख जवळ असेल तर दोन्ही खर्च एकत्र मांडा.

पैसे कमी पडले तर आवर्ती ठेव लगेच मोडू नका. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत 12 हप्ते भरून वर्ष झाले असेल, तर शिल्लकीच्या 50 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते.