फौजीच्या मनाची जखम : शिक्षक-पालकांनी काय करावं?



दरवर्षी ७ डिसेंबरला आपण ध्वजदिनाचा निधी गोळा करतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावाच्या तर नावातच फौज आहे. पण सुट्टीवर आलेल्या किंवा रिटायर झालेल्या फौजीच्या मनाचं काय, हे आपण क्वचितच विचारतो.

पहिल्या महायुद्धात या त्रासाला ‘शेल शॉक’ म्हणत. तेव्हा अशा कित्येक सैनिकांना भित्रं ठरवलं गेलं. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याची आजार म्हणून नोंद केली. आज त्याला ‘पीटीएसडी’ म्हणतात.

हे होतं कसं? सीमेवर बारीकशा आवाजानेही जाग यावी लागते, त्यावर जीव अवलंबून असतो. काहींच्या बाबतीत घरी आल्यावरही शरीराचा हा पहारा उठत नाही. मग झोप लागत नाही, फटाक्याने दचकायला होतं, चिडचिड वाढते, माणूस गप्प गप्प राहतो, कधी दारू जवळ करतो. प्रत्येक सैनिकाला हा त्रास होतोच असं नाही. पण बरेच जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात. युनिटमधली सोबत सुटते, नवी नोकरी शोधावी लागते. त्याचाही ताण असतोच.

याची झळ मुलांना लागते. ‘पप्पा माझ्यामुळेच चिडतात’ असं मूल मनाशी धरून बसतं. वर्गात अचानक अबोल झालेल्या अशा मुलाला बाजूला घेऊन सांगा, “बाळा, यात तुझी काही चूक नाही.”

मोठ्यांनी एवढं जरूर करावं :

• “किती शत्रू मारले?” असं कधीही विचारू नये. मुलांनाही तसं समजावावं.
• “फौजी असून घाबरता?” असं म्हणू नये. ते बोलतील तेव्हा मध्ये न बोलता ऐकावं.
• शेजारी फटाके लावणार असतील तर त्यांना आधी कल्पना द्यावी.
• १४४१६ हा ‘टेली मानस’चा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.
• माजी सैनिकांनी ईसीएचएसच्या दवाखान्यात दाखवावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करावी.
• कुणी जीव देण्याची भाषा केली, तर त्याला एकटं सोडू नये. लगेच दवाखान्यात न्यावं.

पायाला गोळी लागली तर आपण डॉक्टरकडे नेतोच ना? मनाच्या जखमेलाही तोच न्याय लावूया. यंदा ध्वजदिनाच्या परिपाठात पाच मिनिटं या विषयाला नक्की द्या.