दुधाचे दात

जळगाव शहराच्या कडेचे मेहरूण हे एके काळी निराळे गाव होते. आता ते शहरातच सामावले आहे. तरी त्याची जुनी ओळख पुसली गेलेली नाही. मेहरूणचा तलाव आणि मेहरूणची बोरे यांची नावे खानदेशात घरोघरी ठाऊक आहेत. फळझाडांच्या पुस्तकांतही बोराच्या एका जातीला ‘मेहरूण’ हेच नाव दिलेले आढळते. हिवाळ्यात ही बोरे बाजारात दिसू लागतात आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलांची बोरन्हाणे होतात.

बोरन्हाण हा बालकांचा मोठा आवडता सोहळा. पाच वर्षांच्या आतील मुलाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा, उसाचे तुकडे असा खाऊ ओततात. जमलेली मुले तो वेचण्यासाठी एकच गर्दी करतात. अशा एखाद्या सोहळ्याची कल्पना करावी. पाटावर बसलेला चार वर्षांचा बालक हौसेने एक टपोरे बोर उचलतो, दाढेखाली धरतो आणि दुसऱ्याच क्षणी गालावर हात ठेवून रडू लागतो. सहावीत शिकणारी त्याची ताई त्याचे तोंड उघडून पाहते, तो दाढेच्या माथ्यावर तपकिरी खळगा आणि पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारख्या पांढऱ्या रेघा! घरातील वडीलधारी मंडळी तिची समजूत घालतात, “कीड लागली असेल. दुधाचेच दात ते, आज ना उद्या पडायचेच. त्यांची एवढी काळजी कशाला?”

हे म्हणणे वरवर पाहता बिनतोड वाटते. जे पडणारच आहे, ते जपावयाचे कशासाठी? परंतु त्याचे उत्तर शोधू लागले, म्हणजे या इवल्याशा दातांची खरी योग्यता ध्यानात येते.

संस्कृतात दाताला ‘द्विज’ असे एक नाव आहे. द्विज म्हणजे दोनदा जन्मणारा. माणसाचा दात प्रथम दुधाचा म्हणून उगवतो आणि तो पडल्यावर त्याच्या जागी कायमचा दात येतो, म्हणून हे नाव. बाळ सुमारे सहा महिन्यांचे झाले, की पहिला दात दिसू लागतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही दात येतात. त्यांत आठ पुढचे चपटे दात, चार सुळे आणि आठ दाढा असतात. साधारणपणे सहाव्या वर्षी पुढचे दात पडू लागतात. पण दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकतात. म्हणजे हा पाठ वाचणाऱ्या कित्येक मुलांच्या तोंडात अजूनही एखादी दुधाची दाढ असेल! चार वर्षांच्या बालकाला त्या दाढेने आणखी सहा-सात वर्षे भाकरी चावावयाची असते. इतक्या दीर्घ सोबतीला ‘आज ना उद्या’ म्हणणे योग्य नव्हे.

या काळात दुधाचे दात अनेक कामे करतात. पहिले काम चावण्याचे. दाढ दुखू लागली, की मूल नीट जेवत नाही, रात्री ठणक्याने झोपत नाही आणि मग त्याचे पोषण व वाढ मागे पडते. दुसरे काम बोलण्याचे. मराठी वर्णमालेतील त, थ, द, ध, न या वर्णांना दंत्य वर्ण म्हणतात, कारण ते उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांना टेकते. पुढचे दात अकाली गेले, तर हे उच्चार अस्पष्ट होतात. तिसरे काम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे जागा राखण्याचे. दुधाच्या दाढांच्या मुळांखाली, जबड्याच्या हाडात, कायमच्या दातांचे अंकुर वाढत असतात. वरची दाढ वेळेपूर्वी पडली, तर शेजारचे दात त्या मोकळ्या जागेकडे सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. तो वेडावाकडा येतो. शिवाय किडलेल्या दाताच्या मुळाशी पू झाला, तर त्याची झळ खालच्या कोवळ्या अंकुराला लागू शकते. अशा रीतीने पहिल्या दातांकडे केलेले दुर्लक्ष दुसऱ्या दातांना भोगावे लागते.

आता ही ‘कीड’ म्हणजे काय, ते पाहू. शब्दावरून असे वाटते, की दातात एखादा किडा शिरून तो पोखरीत असावा. ही समजूत फार जुनी असून ती जगातील अनेक देशांत होती. बियांची धुरी देऊन दातातील किडे बाहेर काढून दाखविणारे लोक युरोपात होते, तसे आपल्याकडेही होते. फ्रान्समधील दंतवैद्य प्येर फोशार याने १७२८ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. किडलेल्या दातांत किडे असतात ही समजूत त्याने त्यात नाकारली. त्यापूर्वी, १६८३ साली, हॉलंडमधील लेव्हेनहूक याने दातांवरचा पांढरा थर आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता आणि त्यात असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करीत असल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले होते. या दोन गोष्टींची सांगड घातली ती मिलर या अमेरिकन दंतवैद्याने. तो बर्लिन येथे संशोधन करीत असे. तोंडातील जंतू साखर व पिष्टमय पदार्थ यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळविते, हे त्याने १८९० साली ग्रंथरूपाने मांडले. तात्पर्य, दाताला किडा कुरतडीत नाही. त्याला आम्ल झिजविते. म्हणून या विकाराला ‘दंतक्षय’ हे नाव अधिक शोभते.

दातावरचे पांढरे, चकचकीत कवच म्हणजे एनॅमल. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. तरीही आम्लापुढे त्याचा निभाव लागत नाही. गोड पदार्थ तोंडात पडला, की काही मिनिटांतच जंतू आम्ल तयार करू लागतात आणि कवचातील कॅल्शियम व फॉस्फेट ही द्रव्ये थोडी थोडी बाहेर पडू लागतात. परंतु निसर्गाने रक्षकही दिलेला आहे. तो म्हणजे लाळ. लाळ हळूहळू आम्लाचा जोर मोडते आणि निघून गेलेली द्रव्ये पुन्हा दातात बसविते. या कामाला तिला अर्धा ते एक तास लागतो. अशी झीज आणि भर प्रत्येकाच्या तोंडात रोज चाललेली असते. भर अधिक झाली, तर दात टिकतो. झीज अधिक झाली, तर खळगा पडतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट उलगडते. किती गोड खाल्ले, यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे दातांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. जेवणाबरोबर पुरणपोळी खाणाऱ्याच्या दातांवर एकदाच हल्ला होतो आणि मग लाळेला सवड मिळते. पण खिशात हलवा ठेवून दर पंधरा मिनिटांनी एक दाणा चघळणाऱ्याच्या दातांवर दिवसभर हल्ला चालू राहतो. स्वीडनमधील विपेहोल्म येथील रुग्णालयात १९४५ ते १९५३ या काळात झालेल्या प्रयोगांत हीच गोष्ट दिसून आली. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे मात्र खूप किडले. हे ज्ञान उपयोगी पडले खरे. पण ज्यांच्यावर हे प्रयोग झाले, ते मतिमंद रुग्ण होते आणि त्यांची संमती घेतलेली नव्हती. ज्ञान मिळविण्याचा तो मार्ग न्याय्य नव्हता, असे आज सारे मानतात.

लहान मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो, कारण दुधाच्या दातांचे कवच पातळ असते आणि क्षय त्यातून लवकर आत शिरतो. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून बाळ झोपी गेले, की ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते. झोपेत लाळही कमी सुटते; त्यामुळे रक्षक नसताना शत्रूला रात्रभर मोकळे रान मिळते. हिरडीलगतच्या पांढऱ्या रेघा बहुधा प्रथम याच दातांवर दिसतात. दात किडविणारे जंतूही बाळाला बहुतेक वेळा घरातील माणसांकडूनच मिळतात. मायेने आपल्या तोंडातला घास भरविताना किंवा एकाच चमच्याने खाताना ते लाळेबरोबर बाळाच्या तोंडात जातात.

मग किडलेल्या दातांचे काय करावे? उपाय अवस्थेवर अवलंबून असतो. पांढरी रेघ ही पहिली सूचना होय. कवच अजून फुटलेले नसते. त्यामुळे या वेळी नीट स्वच्छता ठेवली, गोड खाण्याच्या वेळा कमी केल्या आणि दंतवैद्याकडून फ्लोराइडचा लेप लावून घेतला, तर दात पुन्हा सावरतो. खळगा पडला असेल, तर तो साफ करून सिमेंटासारख्या द्रव्याने भरतात. फार लहान व घाबरणाऱ्या मुलांसाठी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे औषध लावतात. त्याने किडलेला भाग काळा पडतो. पण बहुधा क्षय थांबतो आणि यंत्राने कोरावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. क्षय दाताच्या जिवंत गाभ्यापर्यंत पोहोचला, तर आतील रोगट भाग काढून वर पोलादी टोपी बसवितात. यांपैकी काहीच शक्य नसेल, तेव्हाच दात काढावा लागतो आणि मग जागा राखण्यासाठी तारेची लहानशी कडी बसविता येते. ठणका लागल्यास लवंगेच्या तेलाने घटकाभर बधिरता येते. तिने रोग मात्र बरा होत नाही. गालावर सूज आली किंवा ताप चढला, तर विलंब न करता दवाखाना गाठावा.

रोग होऊ न देणे हे सर्वांत सोपे व स्वस्त. पहिला दात दिसताच तो मऊ ब्रशाने स्वच्छ करावा. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा, असे दिवसातून दोन वेळा दात घासावेत. त्यांतही रात्रीचे घासणे चुकवू नये, आणि त्यानंतर पाण्यावाचून काहीही देऊ नये. तीन वर्षांच्या आतील बालकाला फ्लोराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. प्रमाण सांभाळण्याचे कारण असे, की फ्लोराइड थोडे असता दाताला बळकटी देते, पण अति झाल्यास अपाय करते. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात ते जास्त असल्याने लोकांच्या दातांवर डाग पडलेले दिसतात. मशेरी ही भाजलेल्या तंबाखूची असते. ती मुलांच्या दातांना कधीही लावू नये. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे हात नीट चालत नाहीत, म्हणून घरातील मोठ्यांनी त्याचे दात घासून द्यावेत. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून लोक तिला दुधाचीच समजतात. पण ती कायमची असते आणि एकदा गेली, की पुन्हा येत नाही.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची एकदा आरोग्य तपासणी ठरविलेली आहे. तपासावयाच्या विकारांत दातांचे विकारही आहेत. त्या दिवशी तोंड मिटून मागे सरकण्याऐवजी पुढे होऊन दात दाखवावेत, यातच शहाणपण आहे.

बोरन्हाणात रडणाऱ्या त्या बालकाचे दुःख बोरामुळे झालेले नव्हते. बोराने फक्त झाकलेली गोष्ट उघड केली. त्याच्या ताईने पांढऱ्या रेघा पाहिल्या, हीच त्यातील भाग्याची गोष्ट; कारण त्या रेघा वेळेवर पाहणारे डोळे घरात असले, तर पुढचे दात सावरता येतात आणि दाढही भरून वाचविता येते. सण बंद करण्याची गरज नाही. खाऊ जेवणाच्या वेळी खावा, वर पाणी प्यावे आणि रात्री दात घासून निजावे, एवढे पाळले म्हणजे पुरे. दुधाचे दात पडणारे आहेत, हे खरे. पण ते आपली वेळ झाल्यावर पडावेत, आणि तोवर लहानग्याला मेहरूणचे बोर न रडता चावता यावे, ही काळजी घेणे घरातील थोरल्या भावंडांच्याही हाती आहे.