छोट्या पडद्यावरची हास्यपरंपरा : रीमा लागूंची सासू

18 मे 2017 रोजी रीमा लागू गेल्या, आणि त्यांची आठवण निघाली ती मुख्यतः हिंदी सिनेमातली आई म्हणून. ‘मैंने प्यार किया’, ‘हम आपके हैं कौन’, ‘वास्तव’ ही नावं डोळ्यांसमोर असताना ते साहजिकच होतं. तरीही त्यांच्या अभिनयाचा खरा कस लागला तो दूरचित्रवाणीवरच्या विनोदात, असं माझं ठाम मत आहे. सिनेमातली आई बहुतेक वेळा मुलाच्या गोष्टीत कडेला उभी असते. मुलावर गोळी झाडणारी ‘वास्तव’मधली आई हा ठळक अपवाद. मालिकांमध्ये मात्र गोष्टच त्यांच्या घरात घडत होती.

‘श्रीमान श्रीमती’ या मालिकेची कल्पना साधी होती : शेजारच्या दोन नवऱ्यांना एकमेकांच्या बायकांची भुरळ. जतीन कनाकियांचा केशव, राकेश बेदींचा दिलरुबा आणि अर्चना पूरण सिंग यांची सिनेनटी हे तिघेही भडक रंगात रंगवलेले. त्यांच्यामध्ये रीमाताईंची कोकिला कुलकर्णी साधी साडी नेसून घर सांभाळते आणि आवाज फारसा चढवत नाही. दिलरुबा कौतुकाचे पूल बांधत असताना तिच्या चेहऱ्यावर त्याचा पत्ताही नसतो, आणि हशा पिकतो तो या न कळण्यावरच. समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐकून घ्यायचं, क्षणभर थांबायचं आणि मगच बोलायचं, ही रंगभूमीची शिस्त. त्यांची आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री, आणि स्वतः रीमाताईही जयवंत दळवींच्या ‘पुरुष’सारख्या नाटकांतून घडलेल्या. गंभीर नाटकातली ही तालीम त्यांनी विनोदात जशीच्या तशी वापरली.

1994मध्ये सुरू झालेल्या ‘तू तू मैं मैं’वर एक आक्षेप रास्त वाटतो : सासू-सुनेचं भांडण हा जुनाच साचा, त्यात बायकांचीच टिंगल होते. साचा जुना होता, हे कबूल. पण टिंगल व्हायला एक बाजू हीन ठरावी लागते, आणि इथे तसं होत नाही. रीमाताईंची देवकी आणि सुप्रिया पिळगांवकरांची राधा तोडीस तोड आहेत. आज एकीची सरशी, उद्या दुसरीची. देवकी हट्टी आहे, मानी आहे, कधी लबाडीही करते, पण सुनेला छळत नाही. हरल्यावर तिचा फुगलेला चेहरा बघताना प्रेक्षक तिच्याच बाजूने हसतो. ही सासू रंगवताना रीमाताई जेमतेम छत्तीस वर्षांच्या होत्या. मालिकेचे दिग्दर्शक सचिन पिळगांवकर त्यांच्यापेक्षा वर्षभराने मोठे. वय दाखवायला रीमाताईंनी कण्हणं-कुंथणं वापरलं नाही. घरावरच्या हक्काची सवय चालण्या-बोलण्यात आणली, तेवढ्यानेच सासू उभी राहिली.

दुसरा आक्षेप असा की, या हलक्याफुलक्या करमणुकीचा वारसा तो काय? तो मोजायला पुढे काय आलं ते पाहावं. ‘तू तू मैं मैं’ पुढे ज्या स्टार प्लसवर गेली, त्याच वाहिनीवर 2000मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली, आणि त्यानंतरच्या कौटुंबिक मालिकांत कट-कारस्थानं करणाऱ्या सासवांची रांग लागली. दुसरीकडे, 2015मध्ये आलेल्या ‘भाबीजी घर पर हैं’ने ‘श्रीमान श्रीमती’तला शेजाऱ्यांचा तो जुना डाव पुन्हा मांडला आणि लोकप्रियही केला. रचना उचलता येते. कोकिलाचा संयम उचलता येत नाही. म्हणूनच रीमा लागूंना केवळ सिनेमातल्या आयांच्या यादीत बसवणं हा त्यांच्या कलेवर अन्याय आहे. मराठी रंगभूमीने हिंदी दूरचित्रवाणीला दिलेल्या विनोदी अभिनेत्रींत त्यांचं नाव पहिल्या ओळीत हवं.