नस्ती आणि गट : मोठ्या संस्थेतील समाजमाध्यमांविषयी काही विचार

व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांतून संस्थांतर्गत समाजमाध्यमांचा विचार बहुधा एकाच अंगाने केलेला आढळतो. साधन उत्तम आहे, परंतु कर्मचारी ते वापरीत नाहीत. तेव्हा त्यांना वापरावयास कसे प्रवृत्त करावे? मोठ्या खाजगी कंपन्यांच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे. परंतु धाराशिव जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडे पाहिले म्हणजे तो उलटा होतो. तेथे साधन विकत घेतले गेले नाही, त्याचे प्रशिक्षण योजले गेले नाही, आणि तरीही ते रोजच्या कारभारात खोलवर मुरले. साधन संस्थेत कोणत्या दाराने आले, यावर त्यातील मजकुराची मालकी व नोंद अवलंबून राहते, असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखात त्याचेच विवेचन करावयाचे आहे.

प्रथम कंपन्यांचा मार्ग पाहू. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने २०१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘नोम’ नावाचे स्वतःचे अंतर्गत समाजजाल उभारले. लाखो कर्मचारी, अनेक देश, आणि एकाच अडचणीचे उत्तर दहा ठिकाणी दहा जण नव्याने शोधीत आहेत, अशी स्थिती असल्यावर एका सामाईक भिंतीची गरज भासणे स्वाभाविक होते. अशा भिंतीवर प्रवेश मिळतो तो संस्थेने दिलेल्या ओळखीवर. लिहिणारा उद्या नोकरी सोडून गेला तरी त्याचे लिखाण संस्थेपाशी राहू शकते, आणि पुढे येणाऱ्याला ते शोधून काढता येते. २०११ मध्ये आतोस या फ्रेंच कंपनीने तीन वर्षांत अंतर्गत ई-मेल संपुष्टात आणण्याचा संकल्प सोडला व पुढील वर्षी त्यासाठी समाजजाल तयार करणारी एक कंपनीच विकत घेतली. ई-मेल घटला, समूळ मात्र गेला नाही. जुने साधन नव्याला पूर्ण जागा करून देत नाही, हा अनुभव सार्वत्रिक दिसतो. भाड्याच्या भिंतीचा आणखी एक धोका आहे. फेसबुकने कंपन्यांसाठी २०१६ मध्ये सुरू केलेले ‘वर्कप्लेस’ बंद करण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली, तेव्हा त्यावर वर्षानुवर्षे साठलेला मजकूर अन्यत्र हलविण्याची जबाबदारी ग्राहक-संस्थांवर आली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. जिल्हा परिषद ही कंपनी नव्हे, हे उघड आहे. तथापि मोठ्या संस्थेची सर्व लक्षणे तिच्यात आहेत. १९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यांचा कारभार टपालावर, आवक-जावक नोंदवहीवर आणि नस्तीवर उभा राहिला. पश्चिमेस परंड्यापासून आग्नेयेस कर्नाटकच्या सीमेवरील उमरग्यापर्यंत पसरलेल्या आठ तालुक्यांत एखादा आदेश प्राथमिक शाळेपर्यंत जावयाचा, तर तो शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख व मुख्याध्यापक अशा पायऱ्या उतरत जात असे. प्रत्येक पायरीवर दिवस मोडत. पण प्रत्येक पायरीवर तारीख व क्रमांकही पडत असे, ही गोष्ट त्या विलंबाची निंदा करताना आपण विसरतो.

व्हॉट्सॲप आले ते कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या खिशातील दूरध्वनीवरून. त्याची सोय खरी होती. वाशी-भूमच्या बालाघाट भागातील वस्तीशाळेवर एकटा शिक्षक असेल, तर सभेची तारीख बदलल्याचे त्याला त्याच क्षणी कळणे ही लहान गोष्ट नव्हे. मार्च २०२० मधील टाळेबंदीत तर शाळा व कार्यालये यांच्यातील धागा मुख्यतः या गटांनीच टिकविला. मात्र या साधनाची घडण पाहिली पाहिजे. गटातील सदस्यांची कमाल मर्यादा २०१६ मध्ये २५६ झाली व २०२२ मध्ये १०२४. जिल्ह्यातील सर्व शिक्षक एका गटात मावणे शक्य नाही. म्हणून जिल्ह्याचा गट, तालुक्याचा गट, केंद्राचा गट अशी उतरंड तयार होते आणि तोच संदेश वरून खाली पुढे ढकलला जातो. पायऱ्या मोडण्यास आलेल्या साधनाने पायऱ्या जशाच्या तशा पुन्हा बांधल्या. गळाली ती फक्त तारखेची व क्रमांकाची नोंद. (एकच परिपत्रक तीन गटांतून तीनदा येणे ही त्याची किरकोळ, पण रोजची खूण.) शिवाय कचेरीला वेळ असते, गटाला नसते. रात्री दहा वाजता मागितलेली माहिती ही विनंती की आदेश, हे संदेशाच्या अंगावर लिहिलेले नसते.

हे साधन कामाशी किती एकजीव झाले होते, याचा पुरावा सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाला. संचमान्यतेचे निकष आणि कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचे धोरण यांविरुद्ध राज्यातील प्राथमिक शिक्षकांनी आंदोलन केले. काळ्या फिती, सामूहिक रजा व मोर्चे ही जुनी हत्यारे होतीच. त्यांच्या जोडीला एक नवे आले : प्रशासकीय व्हॉट्सॲप गटांतून बाहेर पडणे. ज्या गटात राहण्याची सक्ती कोणत्याही सेवानियमात स्पष्ट नव्हती, त्यातून निघून जाणे हा असहकार ठरला. कंपनीच्या भिंतीवर कोणी लिहीत नाही म्हणून व्यवस्थापन चिंतेत असते. येथे गट सोडणे हेच निषेधाचे हत्यार झाले. गट ऐच्छिक आहे, हा समज त्या दिवशी दोन्ही बाजूंनी सोडून दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

कायद्याने या मजकुराची दखल तुकड्यातुकड्याने घेतली आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम २ मधील ‘माहिती’च्या व्याख्येत परिपत्रके व आदेश यांबरोबरच ई-मेल व इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सामग्रीही येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात व्हॉट्सॲपवरून पाठविलेली नोटीस, ती उघडल्याच्या खुणेवरून, बजावली गेल्याचे मानले. त्याच न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये, समान हेतू दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल गटचालकास जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय दिला. म्हणजे संदेश पोहोचला हे सिद्ध करता येते. पण गटाचा सांभाळ करणारा कोण, याचे उत्तर या निर्णयांतून मिळत नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०२१ मध्ये ‘संदेस’ हे सरकारी साधन पुढे आणले. तथापि ज्याच्यावर सारे आधीच जमलेले आहेत ते सोडून दुसरीकडे जाण्यास पहिला माणूस कोण निघणार, ही अडचण तेथे आडवी येते.

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये काढलेल्या परिपत्रकात कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप-टेलिग्रामसारख्या साधनांच्या वापरास मुभा दिली, वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्यास सांगितले आणि बदलीच्या वेळी कार्यालयीन खाते रीतसर सोपविण्याचा दंडक घातला. संस्थात्मक दृष्टीने यातील शेवटचे कलम आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते. पूर्वीचा अधिकारी जाताना पदभार यादीवर सही करी : कपाटे, किल्ल्या, शिक्के, नस्त्या. नव्याने येणारा त्या मोजून घेई. गट जर गटशिक्षणाधिकाऱ्याच्या स्वतःच्या क्रमांकावरून उघडलेला असेल, तर तो क्रमांक त्याच्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात जातो. मागे राहिलेल्या कार्यालयाला गटातील दोन-तीन वर्षांचे आदेश, छायाचित्रे व तक्ते हवे असले, तर ते एखाद्या केंद्रप्रमुखाच्या दूरध्वनीत अजून पुसले गेले नसतील या आशेवर शोधावे लागतात.