गळाला लागणारे पक्षी

पनवेलच्या खाडीत जाळे ओढणाऱ्या कोळी बांधवास सहसा ठाऊक नसेल असा एक अनर्थ दक्षिण महासागरात घडतो : मैलोगणती दोरावर सहस्रावधी गळ लावून तो पाण्यात सोडला जात असता, आमिष बुडण्यापूर्वीच त्यावर झडप घालणारा अल्बाट्रॉस गळात अडकतो आणि दोराबरोबर खाली ओढला जाऊन गुदमरतो. विणीगणिक एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्यास अशी हानी सोसत नाही. दोरास वजने बांधणे, तो रात्री सोडणे आणि जहाजामागे फडफडत्या फिती लावणे, हे उपाय एकत्र योजल्याने दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती ती जवळजवळ शून्यावर आली. आपल्याकडे प्रश्न मुख्यतः जाळ्यांत सापडणाऱ्या कासवांचा. संरक्षित जीव सोडविण्यासाठी जाळे कापणाऱ्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची महाराष्ट्र सरकारची २०१८ची तजवीज मला न्याय्य वाटते, कारण तीमुळे फाटल्या जाळ्याचा भुर्दंड एकट्या कोळ्याच्या माथी पडत नाही.