वॉरफरिन घेताय? 'के२-७'ची गोळी विचारूनच घ्या
हाडांसाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांत 'व्हिटॅमिन के२-७' म्हणजे मेनाक्विनोन-७ असते. ऑक्सिजन नसलेल्या गंधकयुक्त पाण्यात प्रकाशावर जगणाऱ्या हरित गंधक जिवाणूंतही हेच क्विनोन आढळते. तिथे ते इलेक्ट्रॉनची ने-आण करते. त्याचेच भावंड असलेले क्लोरोबियमक्विनोन, ऑक्सिजन आल्यास, पकडलेली प्रकाशऊर्जा शमवून पेशीला जपते.

आपल्या शरीरात मात्र मेनाक्विनोन-७ रक्त गोठवणारी प्रथिने कार्यक्षम करायला मदत करते. वॉरफरिन नेमके हेच काम कमी करते. म्हणून ही गोळी सुरू केल्यास आयएनआर घसरून गुठळीचा धोका वाढू शकतो. हृदयात कृत्रिम झडप असल्यास विशेष जपा.

गोळी सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. वॉरफरिनचा डोस स्वतःहून बदलू नका. पालेभाज्या सोडू नका. प्रमाण साधारण सारखे ठेवा.